किल्ल्यांचा जुडगा

आमच्या आईच्या कमरेला किल्ल्यांचा एक जुडगा असे. कोठीची किल्ली, माडीवरच्या पेटीची, देवघरांतल्या कपाटाची, आणि आणखी तीन-चार अशा कीं ज्यांचीं कुलुपें केव्हांच मोडून गेलीं होतीं. पण आई त्या काढून टाकीत नसे. ती परगांवीं जावयास निघाली म्हणजे जुडगा थोरल्या वहिनींच्या हातीं जाई, आणि वहिनीही माहेरीं असल्या तर शेजारच्या काकूंकडे. किल्ली एकच, परंतु ती आज कोणापाशीं आहे हें घरांतील चार माणसांस ठाऊक असे. या व्यवस्थेंत कांहीं शहाणपण आहे असें तेव्हां कधीं वाटलें नव्हतें. तें ध्यानांत आलें गेल्या वर्षीं ज्येष्ठांत, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं फोन हरवून बसल्यावर.

लातुरास एका मुंजीला गेलों होतों. परतीच्या एस. टी.त उभें राहण्यासही जागा नव्हती. सदऱ्याच्या वरच्या खिशांत फोन ठेवूं नये म्हणून घरांतून शंभर वेळां बजावलेलें. तरी तो तेथेंच होता. माकणीस उतरलों, घराच्या पायरीवर आलों, आणि खिसा हलका लागला. वहिनींच्या फोनवरून माझा क्रमांक लावला तों पांच-सहा वेळां घंटी वाजली आणि मग बंद झाली. कोणी उचलला कीं गर्दींत पायाखालीं गेला, देव जाणे. दोष कोणाचाच नव्हे, माझा.

पहिल्या तासांत जें करावयाचें तें पुण्याच्या पुतण्यानें फोनवरून करवून घेतलें. बँकेस कळवून पैशाचे व्यवहार थांबविले, सिम बंद करविलें, पोलिसांत हरवल्याची नोंद दिली. दूरसंचार खात्यानें २०२३ च्या मे महिन्यांत ‘संचार साथी’ नांवाची सोय साऱ्या देशासाठीं खुली केली. तेथें हरवलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक कळविला म्हणजे तो फोन देशांतल्या कोणत्याही सिमवर चालेनासा करतां येतो. हा क्रमांक पंधरा आंकडी असतो व फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. खोकें कोठें आहे? मी तर तें केव्हांच फेंकलें असेल असें म्हणालों. आमच्या घरांतून कांहीं न बोलतां माळ्यावर चढणें झालें, आणि खोकें खालीं आलें. त्यांत बटणें, हुक आणि काळ्या दोऱ्याचें एक रीळ होतें. आजवर या संग्रहबुद्धीची मीं पुष्कळ थट्टा केली होती. त्या दिवसापासून ती बंद आहे.

दुसऱ्या दिवशीं लोहाऱ्यास जाऊन आधार दाखवून, अंगठा लावून तोच क्रमांक नव्या सिमवर घेतला. एका कागदावर आमचा जिल्हा उस्मानाबाद, दुसऱ्यावर धाराशिव. जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं बदललें, कागद आपापल्या वेगानें बदलत आहेत. दुकानांतील मुलगा म्हणाला, “सर, चोवीस तास मेसेज येणार नाहीत.” मला तें त्याच्या दुकानाचें कांहीं तरी वाटलें. तसें नव्हतें. दुसऱ्याच्या नांवें खोटें सिम काढून त्याचे ओटीपी पळविणारे लोक फार झाले, म्हणून नव्या सिमवर पहिला एक दिवस संदेश थांबविण्याचा सरकारी दंडकच आहे. चोरास अडविण्यासाठीं घातलेला अडसर प्रथम घरधन्याच्याच नडगीस लागतो, पण तो काढून टाकावा असें मात्र मी म्हणणार नाहीं. तिसऱ्या दिवशीं घराण्याच्या व्हॉट्सॲपवरील गटांत मी पुन्हां प्रकट झालों, आणि मला आतां वाटलें, झालें, गेलेलें सारें आलें.

एवढ्यावर भागलें असतें तर हें लिहावयास बसलों नसतों. फोन ही दहा-बारा हजारांची वस्तु. गेली तर गेली. परंतु माझें ईमेलचें जें खातें होतें (तें कोणत्या कंपनीचें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं) त्याच्या पोटांत आमच्या आईचा आवाज होता.

आई २०२२ च्या मार्गशीर्षांत गेली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यांत पुतणी अमेरिकेहून आली होती. तिनें आजीस रोज दुपारीं पडवींत बसवून बोलतें केलें व माझ्या फोनवर तें टिपून घेतलें. साडेचार तास होतात. जात्यावरच्या ओव्या, सासरचीं माणसें, गोदावरीबाई नांवाच्या म्हशीची एक लांबलचक गोष्ट, पुरणाला कोणती डाळ घ्यावी, आणि एक सबंध दुपार भूकंपाच्या रात्रीची. आमची अक्का कलबुर्गीस असते. दर वर्षीं गौरींना ती येते, आणि जेवणें आटोपलीं कीं म्हणते, “आईला लाव.” मग आम्ही सारीं माजघरांत बसतों. या ध्वनिफितींची दुसरी प्रत कोणापाशींही नव्हती. सर्वांनीं मला विचारलें होतें, आणि सर्वांना मीं एकच उत्तर दिलें होतें: खात्यांत आहे, सुरक्षित आहे. सुरक्षित होतेंच. फक्त दार माझ्यावरच लागलें होतें.

अशा खात्याला दोन कुलुपें असतात. पहिलें पासवर्डाचें, तें मला येत होतें, जमाखर्चाच्या वहींत लिहूनही ठेवलें होतें. दुसरें कुलूप फोनचें. नव्या फोनवर पासवर्ड घातला कीं खातें म्हणे, “तुमच्या जुन्या फोनवर प्रश्न पाठविला आहे, तेथें ‘होय’ म्हणा.” जुना फोन असता तर ही यातायात कशास? दुसरा मार्ग विचारला तर म्हणे, “शेवटीं अमुक दोन आंकडे असलेल्या क्रमांकावर संकेतांक धाडतों.” ते आंकडे माझ्या क्रमांकाचे नव्हते. मी बुचकळ्यांत पडलों. वहिनींनीं चष्मा लावून पाहिलें आणि हळूच म्हणाल्या, “भाऊजी, हा यांचा नंबर.”

हें खातें दहा वर्षांपूर्वीं पुतण्यानें उघडून दिलें, तेव्हां घरांत फोन एकच होता, तो दादांचा. खात्याला संकटकाळचा क्रमांक म्हणून तोच दिला गेला. पुढें माझा फोन आला, रोजचा व्यवहार त्यावर सुरळीत चालला, आणि संकटकाळच्या क्रमांकाकडे पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं. संकट आल्याखेरीज तो आठवण्याचें कारणही नसतें. दादा २०२० सालीं करोनांत गेले. त्यांच्या क्रमांकांत पैसे भरणें काय कामाचें, म्हणून तो बंद होऊं दिला.

बंद पडलेला क्रमांक फार दिवस रिकामा राहत नाहीं. किमान ९० दिवस तो कोणास दिला जात नाहीं. पुढें कंपनी तो दुसऱ्या ग्राहकास देऊं शकते. २०२३ सालीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता, तेव्हां ट्रायनें हेंच सांगितलें, आणि आपला क्रमांक सोडण्यापूर्वीं त्याला जोडलेलीं खातीं मोकळीं करणें हें ज्याचें त्यानें पाहावें असें न्यायालयाचेंही मत पडलें. मेलेल्या माणसानें तें कसें पाहावें, हा प्रश्न मात्र मागें राहिलेल्यांचा.

वहिनींच्या फोनमध्यें तो क्रमांक अजून होता. नांव नुसतें ‘हे’. आमच्याकडे त्या पिढींत नवऱ्याचें नांव घेत नाहींत. फोनमध्येंही घेतलेलें नव्हतें. मी म्हणालों, “मी लावून पाहूं?” त्या म्हणाल्या, “नको. मीच लावते.” त्यांनीं ‘हे’ वर बोट ठेवलें. पडद्यावर ‘हे’ उमटलें, घंटी वाजूं लागली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलों. वहिनींचा चेहरा मीं पाहिला नाहीं, आणि तो पाहण्याजोगा प्रसंगही नव्हता.

फोन एका मुलीनें उचलला. बोलण्याचा हेल कोंकणांतला. वहिनींनीं सारें सांगितलें: हा नंबर आमच्या यजमानांचा होता, असें असें झालें आहे, आतां तुझ्या फोनवर सहा आंकडे येतील तेवढे वाचून दाखव. मुलगी शांतपणें ऐकत होती. शेवटीं म्हणाली, “तुमचं खरं असेल हो आजी. पण आकडे मी सांगायची नाही. असंच सांगून माझ्या मामाचे पैसे नेले.” वहिनी म्हणाल्या, “बरोबर आहे बाळ. सांगूं नकोस.” मग क्षणभर थांबून त्यांनीं विचारलें, “नंबर तुझ्याकडे कधींपासून आहे ग?” मुलगी म्हणाली, बारावी झाली तेव्हां बाबांनीं फोन घेऊन दिला तेव्हांपासून. “वापर हो,” वहिनी म्हणाल्या, “चांगला नंबर आहे.” आणि फोन ठेवला.

त्या वेळीं मला त्या मुलीचा राग आला, हें कबूल करतों. चार मिनिटांच्या भलेपणानें आमचें काम झालें असतें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आठवलें कीं प्रजासत्ताकदिनीं आमच्याच शाळेंत मला पाहुणा म्हणून बोलाविलें होतें, आणि मीं मुलांस अर्धा तास बजावलें होतें: समोरचा कितीही गोड बोलो, कितीही रडो, ओटीपी सांगूं नका. माझी विद्यार्थिनी नसतांही तिनें माझा धडा गिरविला. तिला तो क्रमांक न्यायानें मिळाला होता, आणि त्यावर येणारें सारें तिचें होतें. आम्हांलाच तिच्या दारांत उभें राहण्याचा अधिकार नव्हता.

यानंतर एकत्र कुटुंबाचें साहाय्य सुरू झालें. तें जितकें प्रेमळ तितकेंच घातक ठरलें. पुतण्यानें पुण्याहून प्रयत्न केला. त्याच रात्रीं पुतणीनें न्यू जर्सीहून केला. भाचा कलबुर्गीस एका मित्राकडे गेला. तो मित्र या विद्येंत पारंगत, म्हणून त्यानेंही केला. मी येथें नव्या फोनवर दिवसांतून आठ वेळां करीतच होतों. आतां त्या दाराच्या रखवालदाराच्या जागीं आपण आहों अशी कल्पना करा. एकाच घराची किल्ली मागावयास एका दिवसांत चार दिशांहून चार माणसें येतात, चौघेही म्हणतात घर माझें, चौघांजवळही खूण नाहीं. त्यानें काय करावें? “आपण खातेदार आहां अशी खात्री पटत नाहीं. कांहीं काळानें यावें,” असें उत्तर येऊं लागलें. दुकान नाहीं, कचेरी नाहीं, ज्याच्यापुढें जाऊन बसावें असा साहेब नाहीं. आणि काळही स्वस्थ बसत नव्हता. दोन वर्षें न उघडलेलीं खातीं पुसून टाकण्याचा नियम गूगलसारख्या कंपनीनें २०२३ च्या डिसेंबरपासून अंमलांत आणला आहे, हें पुतण्यानें सांगितलें होतें. आमच्या खात्याचा नियम कांहींही असो, बंद दाराआड आईचा आवाज अनंत काळ राहील असें समजण्याचें कारण नव्हतें. अक्केस मीं कांहीं कळविलें नाहीं. गौरींना अडीच महिने होते.

त्या दिवसांत मला वरचेवर १९९३ साल आठवे. ज्यांस माकणी ठाऊक नसेल त्यांनीं तेरणा नदी मनांत आणावी. आमच्या गांवापाशीं तिला धरण घातलें आहे. येथून सास्तूर जवळ, किल्लारीही फार दूर नाहीं. ३० सप्टेंबर १९९३, पहांटेचीं तीन वाजून छप्पन्न मिनिटें. आदल्या रात्रीं गणपती पोंचवून लोक दमून झोंपले होते. आमच्या भागांत दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचें जाड माळवद. उन्हाळ्यांत गार, थंडींत उबदार, आणि त्या पहांटे तेंच सारें अंगावर आलें. सुमारे दहा हजार माणसें गेलीं. आमच्या वाड्याची मागची बाजू बसली, माणसें वांचलीं.

मी तेव्हां तिशींतला शिक्षक. मदतीच्या याद्या लिहावयास आम्हां मास्तरांना बसविलें होतें. समोर येणाऱ्याजवळ कांहींच नसे. शिधापत्रिका, सातबारा, मुलांचे दाखले, सारें ढिगाऱ्याखालीं. एक म्हातारा मला आठवतो. त्याला नांव विचारलें तर तो बोलेना. बोलण्याची त्याची शक्तीच गेली होती. रांगेंतला मागचा माणूस म्हणाला, “लिहा गुरुजी, मी सांगतो. वेशीजवळचं घर यांचं. चार लेकरं होती.” मीं लिहिलें. पुरावा मागितला नाहीं, मागण्याची जीभ कोणाला होती? शेजाऱ्यानें ओळखलें, झालें. त्या व्यवस्थेंत लबाड्याही झाल्या असतील, मी नाहीं म्हणत नाहीं. पण तो म्हातारा ‘खात्री पटत नाहीं’ म्हणून परत गेला नाहीं. आणि आज मी धडधाकट, हातीं आधार, घरांत ओळखणारीं अकरा माणसें, तरी माझ्यासाठीं शब्द टाकण्याची कोणास सोय नव्हती.

पंधरा दिवसांनीं पुतण्या स्वतः माकणीस आला. त्यानें प्रथम सर्वांना एकच ताकीद दिली: आतां कोणीही हात लावूं नये. आठवडाभर आम्ही खात्याकडे फिरकलों नाहीं. मग त्यानें विचारलें, “काका, फोनच्या आधीं तुम्ही मेल कशावर पाहत होतां?”

माडीवर एक जुना कॉम्प्युटर आहे. पुतण्याच्याच अभ्यासासाठीं घेतलेला. तो शिकून गेल्यावर मी त्यावर पत्रें वाचीत असें. मागच्या दिवाळीपर्यंत वापरला, मग विजेची बॅटरी गेली आणि त्यावर गोधडी पडली. ती काढली. धूळ झटकली. उंदरानें माउसची तार कुरतडली होती, ती दुसरी आणविली. पुतण्याचें म्हणणें असें कीं हीं खातीं माणसाचा चेहरा ओळखत नाहींत, पण जागा आणि यंत्र ओळखतात. जेथून तुम्ही वर्षानुवर्षें आलां, त्याच घरांतून, त्याच यंत्रावरून आलां तर त्यांचा संशय कमी होतो. पुण्याहून, अमेरिकेहून जें नाकारलें गेलें तें येथून कदाचित् मान्य होईल.

सायंकाळीं वीज होती. वहींतला पासवर्ड वहिनींनीं एकेक अक्षर वाचून दाखविला, मीं एका बोटानें घातला. आतां तो फोनचा प्रश्न येणार म्हणून आम्ही श्वास रोखून बसलों. तो आलाच नाहीं. पूर्वीं केव्हां तरी, ‘या कॉम्प्युटरवर पुन्हां विचारूं नये’ अशा अर्थाच्या चौकटींत मीं खूण केली होती. केल्याचें मला आठवतही नव्हतें. खातें उघडलें. पुतण्याचें सारें शास्त्र तयार होतें, पण उपयोगीं पडली ती माझी एक जुनी आळशी खूण. (सार्वजनिक ठिकाणच्या कॉम्प्युटरवर अशी खूण कोणी करूं नये, हें ओघानें सांगतों, माझें घरचें यंत्र होतें म्हणून निभावलें.)

पहिली गोष्ट म्हणजे आईचा आवाज उतरवून घेतला. तीन प्रती: एक पुतण्याकडे, एक अक्केसाठीं, एक वहिनींच्या कपाटांत. पहिलीच फीत लावली तर मध्येंच आई म्हणाली, “आता पुरे कर ग, कुकरची शिट्टी झाली.” आमच्या घरांतून एकदम स्वयंपाकघराकडे धांवणें झालें, आणि मग सारीं हंसलों.

मग खात्याची व्यवस्था. अशा खात्यांतून सुटे संकेतांक काढून ठेवतां येतात. फोन नसला तरी ते चालतात. आम्हांला दहा मिळाले, प्रत्येक आठ आंकडी, प्रत्येक एकदांच उपयोगाचा. ते वहिनींनीं आपल्या वळणदार अक्षरांत दोन कागदांवर लिहिले. एक देवघरांतल्या कपाटांत, दुसरा अक्केच्या पेटींत कलबुर्गीस जावयाचा. पासवर्ड जमाखर्चाच्या वहींत आणि संकेतांक देवघरांत, दोन्ही एके ठिकाणीं नकोत, हें त्यांनींच सुचविलें. आईच्या जुडग्यांतल्या त्या कपाटाच्या किल्लीला आतां पुन्हां काम लागलें.

शेवटीं संकटकाळचा क्रमांक बदलावयाचा होता. दादांचा काढून वहिनींचा घालावयाचा. ‘हा क्रमांक काढून टाकावयाचा काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें, मीं वहिनींकडे. त्या म्हणाल्या, “काढा. त्या मुलीला उगाच आपले निरोप जायला नकोत.”

गौरींना अक्का आली. तिला सारी हकीगत जेवणें झाल्यावर सांगितली. आधीं सांगितली असती तर ती जेवली नसती. वहिनींच्या फोनमध्यें ‘हे’ अजून आहे. दिवाळींत त्या मुलीचाच एक निरोप त्यावर आला होता: आजी, मिळालं का तुमचं? वहिनींनीं मला विचारून ‘मिळालं’ असें लिहिलें, आणि खालीं, कोणास न विचारतां, फराळास येण्याचें आमंत्रण.